हा आळस नव्हे, आजार आहे!

आपल्या वस्तीत कष्टाला मान आहे. जो राबतो त्याच्याविषयी चार शब्द चांगले बोलले जातात आणि जो कामातून अंग काढतो त्याच्याकडे बोट दाखवले जाते. त्यात वावगे काही नाही. हातावर पोट असलेल्या घरात एकाने हात आखडला की त्याचा भार दुसऱ्यावर पडतो, हे आपण सगळेच जाणतो. पण याच मापाने कधी कधी आजारी माणसालाही मोजले जाते. ताप असला तर थर्मामीटर दाखवतो, हाड मोडले तर प्लास्टर दिसते. परंतु ज्या आजारात माणूस सकाळी धडधाकट असतो आणि दुपारनंतर त्याला हात वर करवत नाही, त्याची साक्ष कोण देणार? अशाच एका आजाराविषयी, आमच्या घरातल्या अनुभवावरून, चार गोष्टी वाचक बंधू-भगिनींना सांगाव्यात म्हणून हा लेख.

आजाराचे नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. नाव अवघड असले तरी अर्थ सोपा आहे: स्नायूंची गंभीर कमजोरी. अमिताभ बच्चन यांना ‘कुली’ चित्रपटाच्या वेळी १९८२ साली अपघात झाला, त्यानंतर काही वर्षांत त्यांना हा आजार असल्याचे निदान झाले होते, हे पुष्कळांनी वाचले असेल. आमच्या घरात तो आमच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला झाला. हा लेख आम्ही भावंडांनी लिहिला असला तरी ताईला वाचून दाखवून, तिने होकार दिल्यावरच पाठवला आहे.

ताई अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला होती. औषधाच्या बाटल्या खोक्यात भरायच्या, खोके बंद करून बाजूला रचायचे. २०१५ च्या उन्हाळ्यात, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, संध्याकाळच्या वेळी तिची डावी पापणी खाली येऊ लागली. रात्री झोप झाली की सकाळी डोळा पुरता उघडा. मग एकाचे दोन दिसू लागले. रस्ता ओलांडताना समोरून येणारी रिक्षा एक की दोन, ते तिला कळेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर काढून दिला. चष्मा आला, पापणी मात्र तशीच.

पावसाळा आला तसा आजार डोळ्यांवरून खाली उतरला. भाकरीचे तीन-चार घास चावून झाले की जबडा थांबायचा. हनुवटीला हात लावून ती घास चावायची. बोलता बोलता आवाज नाकात जायचा, पाणी पिताना कधी नाकावाटे बाहेर यायचे. दोरीवर दोन कपडे टाकले की तिसऱ्याला हात उचलत नसे. वेणी अर्धी घालून ती खाली बसायची. दहा-पंधरा मिनिटे टेकली की पुन्हा ताकद यायची, आणि नेमकी हीच गोष्ट तिच्या विरोधात गेली.

“सकाळी मशीनसारखी चालतेस, मग दुपारनंतरच तुला काय होतं गं?” असे सुपरवायझर चार बायकांसमोर विचारायचा. दोनदा अर्धा दिवस कापला गेला. एका डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी सांगितले, “यांना टेन्शन आहे, मनाला लावून घेऊ नका.” गावाकडून एका नातेवाइकाचा निरोप आला की बाहेरचे काही असेल, भगताला दाखवा. त्यावर आमच्या आईने एवढेच उत्तर पाठवले, “आपल्या घरात १९५६ पासून हे बंद आहे. जे काय दाखवायचं ते डॉक्टरलाच.” शेजारच्या बायका मात्र हळूच म्हणायच्या, “नोकरीचा कंटाळा आला असेल.”

ताई पुढे आम्हाला म्हणाली, “दुखत काहीच नव्हतं रे. दुखलं असतं तर बरं झालं असतं, निदान सांगता तरी आलं असतं.”

हे असे वर्षभर चालले. २०१६ च्या जुलैत तिला ताप आणि खोकला आला. जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन दिले गेले. त्या संध्याकाळी तिला थुंकीही बाहेर टाकता येईना, उताणे झोपले की जीव घाबरा व्हायचा. भाऊजींनी रिक्षा काढली. आधी जवळचे रुग्णालय, तिथून ॲम्ब्युलन्सने मुंबईचे मोठे सरकारी रुग्णालय. तिथल्या एका तरुण डॉक्टरने प्रथमच तो प्रश्न विचारला जो वर्षभरात कोणी विचारला नव्हता: “सकाळी बरं वाटतं आणि दिवस चढेल तसं वाढत जातं, असं होतं का?” त्याने तिला मिनिटभर छताकडे बघत राहायला सांगितले. पापणी हळूहळू मिटत गेली. मग रबरी हातमोज्यात बर्फ भरून पापणीवर दोन मिनिटे धरला. बर्फ काढला तेव्हा डोळा पुष्कळसा उघडला होता. थंडाव्याने अशी पापणी उचलली जाते, ही या आजाराची एक साधी खूण आहे. त्याच रात्री तिचा श्वास कमी पडला आणि तिला कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागले. नऊ दिवस ती यंत्रावर होती.

तापाने हा आजार एकदम उसळतो, आणि काही जातीची प्रतिजैविके त्यात भर घालतात, हे आम्हाला तिथे समजले. आधीच्या दवाखान्यातील डॉक्टरांना आजाराचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते; ते तोवर कोणालाच ठाऊक नव्हते.

आता हा आजार होतो कसा, ते सांगतो. हात उचलायचा हुकूम मेंदूकडून मज्जातंतूतून स्नायूपर्यंत जातो. पण मज्जातंतू स्नायूला चिकटलेला नसतो, मध्ये अतिशय सूक्ष्म फट असते. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटते, फट ओलांडते आणि स्नायूवरच्या ठरलेल्या जागी जाऊन बसते. त्या जागांना ग्राही म्हणतात. रसायन तिथे बसले की स्नायू काम करतो. मायस्थेनियात शरीराची रोगजंतूंशी लढणारी फौज स्वतःच्याच ग्राहींना शत्रू समजते. तिने तयार केलेली प्रतिपिंडे ग्राही बंद पाडतात, नष्ट करतात. आजार अंगभर पसरलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्के जणांच्या रक्तात ही प्रतिपिंडे सापडतात. काहींच्या रक्तात मस्क नावाच्या दुसऱ्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे असतात.

मग सकाळी बरे आणि दुपारी वाईट असे का? तर लागोपाठ काम केले की दर खेपेला सुटणारे रसायन थोडे थोडे कमी होत जाते. हे तुमच्या-आमच्यातही होते. पण आपल्याकडे ग्राही गरजेपेक्षा कितीतरी जास्त असल्याने फरक पडत नाही. चाळीची टाकी भरलेली असली की शेवटच्या खोलीलाही धार मिळते. टाकी तळाला गेली असली की पहिल्या दोन घरांचे हंडे भरतात आणि मग धार करंगळीएवढी होते. थोडा वेळ नळ बंद ठेवला की पुन्हा पाणी चढते. ताईची टाकी कायम अर्धी होती. सुपरवायझरला दिसायचे ते पहिले दोन हंडे.

गावाकडच्या माणसांना हे लवकर पटेल. नाग किंवा मण्यार चावलेल्या माणसाच्या पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, मग श्वास अडतो. ते विषही याच फटीत घाव घालते. तैवानकडच्या मण्यारीच्या एका जातीच्या विषातील घटक ग्राहींना घट्ट चिकटतो, आणि त्याच्याच मदतीने शास्त्रज्ञांना ग्राही वेगळे काढून अभ्यासता आले. १९७३ साली सशांना असे ग्राही टोचले तेव्हा सशांच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली आणि त्यांनाही अशीच कमजोरी आली. आजार शरीराच्या आपसातल्या लढाईचा आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

आम्हाला या आजाराच्या इतिहासातली दोन माणसे फार जवळची वाटतात. थॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरने १६७२ साली एका बाईची हकिकत लिहून ठेवली आहे. ती सुरुवातीला मोकळेपणी बोलायची, पण फार वेळ बोलली की तिची वाचाच जायची आणि तास-दोन तासांनी परत यायची. ही बाई शहाणी आणि प्रामाणिक आहे, असे विलिसने मुद्दाम नोंदवले आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीसुद्धा डॉक्टरला ते लिहावेसे वाटले, याचा अर्थ तेव्हाही अशा बाईवर लोकांचा विश्वास बसत नसणार.

दुसरी मेरी वॉकर. लंडनच्या ग्रिनिच भागातील एका सार्वजनिक रुग्णालयात ती साधी कनिष्ठ डॉक्टर होती. क्युरारी या विषाची बाधा झालेला माणूस आणि मायस्थेनियाचा रुग्ण यांची लक्षणे सारखी असतात, मग त्या विषावरचा उतारा इथे का चालू नये, असा तिने विचार केला. १९३४ साली तिने फायसोस्टिग्मिनचे इंजेक्शन दिले आणि रुग्णाची मिटलेली पापणी काही वेळातच वर आली. आज ताई जी गोळी घेते ती त्याच घराण्यातली आहे.

त्या गोळीचे नाव पायरिडोस्टिग्मिन. फटीतले रसायन शरीर लगेच पुसून टाकते. गोळी ते पुसणे लांबवते, म्हणून असलेल्या थोड्या ग्राहींवर जास्त काम होते. अर्ध्या-पाऊण तासात गुण येतो आणि तीन-चार तास टिकतो. पोटात मुरडा, पातळ शौच, तोंडाला पाणी सुटणे असा त्रास काहींना होतो. मनाने गोळ्या वाढवल्या तर कमजोरी उलट वाढू शकते. मुळात ही गोळी आजाराच्या मुळाशी जात नाही. त्यासाठी फौजेला आवरणारी औषधे लागतात: प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि ॲझाथायोप्रिनसारखी गोळी. स्टेरॉइड सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत कधी कधी त्रास वाढतो, म्हणून डॉक्टर लहान डोसापासून चढवत नेतात. ॲझाथायोप्रिनचा गुण यायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहूनही जास्त लागते, आणि त्या काळात वरचेवर रक्त तपासावे लागते. स्टेरॉइडने ताईचा चेहरा सुजला, भूक वाढली, साखरही वाढली. पण ते एकाएकी बंद करायचे नाही. चेहरा बघवत नाही म्हणून मनाने गोळी सोडणारा माणूस पुन्हा यंत्रावर जाऊ शकतो. जीव धोक्यात असताना रक्तातली प्रतिपिंडे काढून टाकणारी प्लाझ्मा बदलण्याची प्रक्रिया करतात, किंवा शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देतात. ताईची प्लाझ्मा बदलण्याची प्रक्रिया पाच वेळा झाली.

छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी ती मोठी असते, पुढे आक्रसते. या रुग्णांपैकी साधारण दहा ते पंधरा टक्के जणांच्या थायमसमध्ये गाठ असते, म्हणून छातीचा सी.टी. स्कॅन सांगतात. गाठ नसली तरी ग्रंथी काढल्याने अनेक रुग्णांना फायदा होतो आणि स्टेरॉइड कमी लागते, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने दाखवले. ताईचे ऑपरेशन २०१७ मध्ये झाले. गुण लगेच आला नाही. दीड वर्षाने गोळ्या कमी होऊ लागल्या.

औषध डॉक्टर देतात, पण दिवस घरालाच काढावा लागतो. आमच्या घरात आधी वेळ बदलली. जड काम सकाळी, हलके काम दुपारनंतर. मोठे जेवण दुपारचे, रात्री मऊ खिचडी किंवा आमटीत कुस्करलेली भाकरी. जेवणाआधी अर्धा-पाऊण तास गोळी, त्यासाठी घड्याळाला गजर. घास तोंडात असताना ताईशी कोणी बोलायचे नाही, हा नियम आमच्या सगळ्यात लहान भाच्यालाही पाठ झाला. भांडी ती स्टुलावर बसून घासते. कपडे वाळत घालणे, पाणी भरणे भाऊजींनी आणि मुलाने घेतले. पुरुषाने दोरीवर लुगडी वाळत घातली म्हणून चाळीत पहिले चार दिवस हसू झाले, पाचव्या दिवशी कोणी पाहिलेही नाही. उन्हाने कमजोरी वाढते, म्हणून फार कढत पाण्याने अंघोळ नाही आणि भर उन्हात बाजार नाही.

ताईच्या पाकिटात एक कार्ड असते. त्यावर आजाराचे नाव, तिच्या गोळ्या, आणि विचारल्याशिवाय देऊ नयेत अशा औषधांची यादी आहे: जेंटामायसिन, ॲमिकासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, ॲझिथ्रोमायसिन, शिरेतून दिले जाणारे मॅग्नेशियम, क्विनीन, क्लोरोक्विन, रक्तदाबाच्या काही गोळ्या. २०२० मध्ये करोनाच्या भीतीने लोक हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेत होते, तेव्हा हे कार्डच आमच्या उपयोगी पडले. यातले एखादे औषध कधी द्यावेच लागते, पण ते आजार माहीत असलेल्या डॉक्टरने, नजरेखाली ठेवून द्यायचे असते. ऑपरेशन असो की दाढ काढायची असो, कार्ड आधी पुढे करायचे.

धोक्याची खूण ओळखायला आम्हाला एक सोपी युक्ती शिकवली गेली. खोल श्वास घ्यायचा आणि एका दमात मोठ्याने आकडे मोजायचे. ताई बरी असताना चाळिसाच्या आसपास जाते. आकडा घसरू लागला की सावध व्हायचे. विसाच्या खाली आला की रुग्णालय गाठायचे. खोकला काढता न येणे, थुंकी गिळता न येणे, मान हाताने धरावी लागणे, उताणे झोपता न येणे, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहायची नाही.

कामगार वाचकांसाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. ज्यांचा पगारातून ई.एस.आय. कापला जातो त्यांना आजारपणात मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते, हे बहुतेकांना माहीत असते. पण ई.एस.आय.ने दीर्घ मुदतीच्या ३४ आजारांची एक यादी केली आहे आणि मायस्थेनिया ग्रेव्हिसचे नाव त्या यादीत आहे. अशा आजारात लाभ वाढवून मजुरीच्या ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. त्यासाठी दोन वर्षांची सलग विमापात्र नोकरी आणि ठरावीक दिवसांचा हप्ता भरलेला असावा लागतो. ताईच्या कंपनीतल्या बायकांपैकी एकीलाही हे ठाऊक नव्हते. एका युनियनच्या कार्यकर्त्याने कागद भरून दिले आणि तिची चूल त्या काळात पेटत राहिली. कागद हातात आल्यावर कंपनीनेही तिला सकाळच्या पाळीत, बसून तपासणी करण्याच्या टेबलावर घेतले. आता ती तिथेच आहे.

लोक आम्हाला काही प्रश्न हमखास विचारतात. आजार लागट आहे का? नाही, एका ताटात जेवले तरी होत नाही. मुलांना होतो का? हा आजार सहसा आईबापांकडून मुलांना येत नाही. अशा मुलीचे लग्न, बाळंतपण होऊ शकते का? होऊ शकते; मात्र आधीपासून डॉक्टरांशी बोलून औषधे ठरवावी लागतात आणि बाळंतपण मोठ्या रुग्णालयात करावे. आईची प्रतिपिंडे बाळाकडे गेल्याने काही बाळांना जन्मल्यावर थोडे दिवस दूध ओढायला त्रास होतो, तो काही आठवड्यांत जातो. पुरता बरा होतो का? काही जणांची लक्षणे वर्षानुवर्षे गायब होतात, पुष्कळांना औषध चालू ठेवावे लागते. पण नीट उपचार झाले तर बहुतेक माणसे संसार करतात, नोकरी करतात. ताईचा मुलगा तेव्हा पहिलीत होता. आता तो कॉलेजात जातो आणि आईच्या गोळ्यांचा हिशेब तोच ठेवतो.

हे सगळे लिहिण्याचे कारण एवढेच की तपासण्या, गोळ्या, ऑपरेशन या सगळ्यांच्या आधी एक गोष्ट लागते आणि तिला पैसा पडत नाही. ती म्हणजे सांगणाऱ्यावर विश्वास. तुमच्या घरातली सून, शेजारची मुलगी, कारखान्यातला सोबती म्हणाला की “सकाळी जमतं, नंतर हात उचलत नाही,” तर त्याला कामचुकार ठरवण्याआधी त्याची पापणी बघा, घास चावताना बघा, दिवेलागणीला त्याचा आवाज ऐका. आणि त्याला मेंदू व मज्जासंस्थेच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. मोठ्या सरकारी रुग्णालयांत हा विभाग असतो. जाताना एका चिठ्ठीवर लिहून न्या: कोणत्या वेळी काय होते, किती काम केल्यावर होते, किती विश्रांतीने जाते. त्या चिठ्ठीवरून डॉक्टरला जे कळेल, ते चष्म्याच्या नंबरावरून कळणार नाही.